पिवळं जाकीट

रंगनाथने मोटारसायकल फाट्याच्या डाव्या अंगाला घेतली, साइड स्टँडखाली एक चपटा दगड सरकवला आणि पुढचं चाक डावीकडे वळवून ठेवलं. मागून येणाऱ्याने चाकाकडे पाहावं आणि तिकडे वळावं, एवढंच काम. मग हेल्मेट आरशावर अडकवून तो कडेला उभा राहिला, साठीचा माणूस उभा राहतो त्याहून जरा जास्तच ताठ.

रस्ता खडीचा होता आणि दोन्ही फाटे रिकामे होते. कुंपणाची तार, पिवळं गवत आणि लांबवर जांभळे डोंगर, याहून जास्त नामिबियाने तिथे काही ठेवलेलं नव्हतं. नाशिकहून आलेल्या सात जणांच्या या सहलीचा म्होरक्या, म्हणजे रंगनाथचा मुलगा महेश, नुकताच डावीकडे गेला होता. त्याची धूळ अजून खाली बसायची होती.

पद्धत महेशने नाशिकलाच सगळ्यांकडून घोटून घेतली होती. दोन गाड्यांत भरपूर अंतर ठेवायचं, धूळ मागच्याच्या तोंडात जाते म्हणून. अंतर ठेवलं की पुढचा दिसत नाही, म्हणून प्रत्येक फाट्यावर दुसऱ्या नंबरच्या माणसाने थांबून बाकीच्यांना वाट दाखवायची. सगळ्यांत शेवटच्याच्या अंगात पिवळं जाकीट. ते आलं, की फाट्यावरच्याने त्याच्या पुढे निघायचं.

ऑगस्टात निघण्याआधी दिंडोरीमार्गे कळवणपर्यंत सराव झाला, तेव्हा सुवर्णा मॅडम नावाच्या शिक्षिका माणसं मोजून फाट्यावरून निघून आल्या. त्यांची मोजणी चुकली होती. पंक्चर झालेला एक जण आणि त्याच्यापाशी थांबलेलं जाकीट, दोघं भलत्याच रस्त्याने वीस किलोमीटर फिरून आले. चहाच्या टपरीवर महेशने सगळ्यांना ऐकवलं.

"माणसं मोजायची नाहीत. तोंडं ओळखायची नाहीत. पिवळं जाकीट आलं की हलायचं, त्याआधी नाही."

मग तो वडिलांकडे वळला.

"बाबा, तुम्हाला वेगळं सांगायला नको. जागा न सोडण्यात तुमचा हात कोण धरणार?"

सगळे हसले. मखमलाबादला गुलाबाची शेती करणारा नवनाथ तर टेबलावर थाप मारून हसला. चहात साखर आधीच होती, तरी रंगनाथ चमचा शोधू लागला.

आता एकेक जण येऊन वळत होता. पहिला, दुसरा, मग सुवर्णा मॅडम, त्यांच्यामागे आणखी एक. रंगनाथ प्रत्येकाला हाताने डावीकडे दाखवत होता, वाहतूक पोलिसाच्या थाटात. पाचवा नवनाथ. आज जाकीट त्याच्याकडे होतं, पण अंगात साधा बनियनवजा टीशर्ट. गाडी जराशी हळू करून तो ओरडला.

"चला काका! मीच शेवटचा हाय, मागं कुणी नाय!"

"जाकीट कुठंय रे?"

तोवर नवनाथ वळून गेला होता.

रंगनाथ काही खुळा नव्हता. पाच जायचे होते, पाच गेले. सामानाची गाडी सकाळीच पुढे गेलेली. मागे कुणीही नाही हे त्याला स्वच्छ कळत होतं. घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. तो हेल्मेटपाशी गेला, हेल्मेटला हात लावला आणि परत जागेवर येऊन उभा राहिला.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्याने चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली होती. पुढच्या पाळीचा माणूस येऊन लॉगबुकात सही करेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. १९९५ च्या ऑक्टोबरात त्याची बायको लता नाशिकरोडला दवाखान्यात होती. आज-उद्या घरी सोडू, असं डॉक्टर म्हणत होते. एका दुपारी अडीच वाजता महेशचा फोन आला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

"बाबा, आई कसंतरीच करतेय. निघा आता."

"रिलिव्हर आला की निघतो."

दोनच्या पाळीचा माणूस गावाहून येताना कुठेतरी अडकला होता. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, अहो जा, मी बघतो दोन्हीकडे. रंगनाथ म्हणाला, तसं चालत नाही. तसं खरंच चाललं नसतं का, हे त्याने पुढे तेरा वर्षं स्वतःला विचारलं आणि उत्तर दर वेळी एकच आलं. चाललं असतं. तो साडेचारला दवाखान्यात पोचला तेव्हा लताला जाऊन तास होत आला होता. महेश गेटपाशी उभा होता. त्या दुपारबद्दल तो कधीच बोलला नाही.

बोलणं तुटलं असं नव्हतं. गॅस आला का, टाकी भरली का, एवढं बापलेकांत चालू होतं. निवृत्तीनंतर महेशच्या परदेश सहलीचं ठरलं, तेव्हा रंगनाथने इतरांसारखाच फॉर्म भरून त्याच्या टेबलावर ठेवला. पंधरा दिवस एका रस्त्यावर असू, कुठेतरी विषय निघेल, अशी त्याची अटकळ होती. आज नववा दिवस होता आणि विषय टायरमधल्या हवेपलीकडे गेला नव्हता.

साडेबाराच्या सुमारास एक जुनी पिकअप येऊन थांबली. चालवणारी उन्हाने रापलेली म्हातारी होती, मागे चार शेळ्या. गाडी बिघडली का, सोडू का पुढे, असं तिने इंग्रजीत विचारलं.

"नो, नो," रंगनाथ म्हणाला. "लास्ट मॅन कमिंग."

बाईने आरशात मागचा रस्ता पाहिला. तिथे चिटपाखरू नव्हतं. तिने रंगनाथकडे पाहिलं, खिडकीतून दोन संत्री त्याच्या हातात दिली आणि ती निघून गेली.

एक संत्रं त्याने खाल्लं, दुसरं खिशात ठेवलं. एक वाजला. पाय भरून आले तरी तो बसला नाही. खरं सांगायचं तर आता नियम वगैरे राहिलाच नव्हता. ऐंशी किलोमीटरवर सगळे जेवायला थांबले असतील, आपण नाही हे कळलं असेल, आणि महेश कुणाला तरी पाठवेल. नवनाथला पाठवेल, चूक त्याची म्हणून. कोण येतं हे पाहायला आपण उभे आहोत, हे लक्षात आलं तेव्हा रंगनाथला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी आपण गेलो नव्हतो. आज कुणी यावं, असं म्हणायला तोंड तरी कुठे होतं?

दोन वाजले. दोनला त्याने सवयीने मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

सव्वादोनला डावीकडच्या फाट्यावर धूळ दिसली. एकच गाडी. बरीच जवळ आल्यावर त्याला हेल्मेट ओळखू आलं आणि त्याने घाईघाईने शर्टाची कॉलर सारखी केली.

महेशने गाडी समोर थांबवून इंजिन बंद केलं.

"पाच जण गेले ना?"

"गेले."

"नवनाथ दिसला?"

"दिसला. मीच शेवटचा म्हणाला."

"मग?"

"अंगात जाकीट नव्हतं."

रंगनाथ ओरडा खायच्या तयारीने उभा होता.

"जेवायला बसलो तर तुम्ही नाही," महेश म्हणाला. "कुणी म्हणे पडले असतील, कुणी म्हणे पेट्रोल संपलं. मी नवनाथला विचारलं, जाकीट कुठंय. उकडत होतं म्हणून पिशवीत कोंबलं होतं त्याने. तेव्हाच कळलं मला."

"त्याला पाठवायचं होतंस."

"तो येतोच म्हणत होता. मी नको म्हटलं."

रंगनाथने खिशातून संत्रं काढून पुढे केलं. महेशने ते सोललं, अर्धं खाल्लं आणि अर्धं वडिलांना परत दिलं. मग त्याने पिशवीतून पिवळं जाकीट काढून अंगात चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि गाडी सुरू करून, सकाळी सगळे ज्या रस्त्याने आले होते त्या रस्त्याने उलटा निघून गेला.

रंगनाथला आधी काही कळेना. मग कळलं. त्याने उरलेलं संत्रं तोंडात टाकलं, हात पँटला पुसले, हेल्मेट घातलं आणि फाट्यावर होता तसा उभा राहिला.

एक किलोमीटरवर धूळ वळली. पिवळा ठिपका सावकाश मोठा होत आला आणि त्याच्या शेजारी येऊन थांबला.

"बाबा, मी आलोय," महेश म्हणाला. "निघा आता."

रंगनाथने स्टँडखालचा दगड पायाने बाजूला सारला आणि गाडीवर बसला. किल्ली फिरवली, पण बटण दाबलं नाही.

"उशीर झाला रे," तो म्हणाला.

"झाला," महेश म्हणाला. "चला."

रंगनाथ पुढे निघाला. नियमाप्रमाणे जाकीट मागे राहिलं. थोडं अंतर गेल्यावर, मागच्याला धूळ लागू नये म्हणून त्याने वेग वाढवला आणि आरशात पाहिलं. पिवळं जाकीट धुळीत माखत अगदी जवळून येत होतं.