सॅम्पल फ्लॅटचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. ज्या घरासाठी मला घडवलं, ते घर कधी उभंच राहिलं नाही. तरीही मी काही वर्षं उघडलो, मिटलो, लोकांनी माझं तोंड भरून कौतुकही केलं. ते कसं झालं, ते सांगतो.

माझा जन्म नेसरीचा. प्रसेनजीत नावाच्या एका जवानानं सुट्टीत घरी आल्यावर मला करायला टाकलं. भावाच्या घरातल्या एका खोलीत त्याचा संसार होता : आई तानाबाई, बायको निशा आणि लहानगी अक्षता. म्हणून गावाबाहेरच्या स्वतःच्या जागेत त्यानं जोतं बांधून घेतलं होतं.

"भिंतींचा पत्ता न्हाय आन दार कशाला?" निशा हसली.

"लाकूड चांगलं गावलंय. भिंती पुढच्या सुट्टीला," तो म्हणाला.

उमरचाचा सुतारांनी मला मन लावून घडवलं. माझ्या वरच्या फळीवर बोधिवृक्षाचं पान कोरलं. रंधा मारून मला इतकं गुळगुळीत केलं, की अक्षता येताजाता माझ्यावर गाल घासायची. मी खोलीबाहेर टेकून उभा राहिलो आणि पुढच्या सुट्टीची वाट पाहू लागलो.

सुट्टीआधी कारगिलची लढाई आली. प्रसेनजीत तिरंग्यात गुंडाळून घरी आला. सगळा तालुका लोटला. मागून नीट दिसेना म्हणून काहीजण मला आडवं करून माझ्यावर उभे राहिले.

चौथ्या दिवशी सरकारी साहेब आले. म्हणाले, "शहिदांच्या कुटुंबांसाठी सरकार कोल्हापूरजवळ वसाहत बांधणार आहे. तुमचं नाव आहे त्यात. इथं भिंती बांधायची घाई करू नका, पैसे वाया जातील."

"कवा हुईल ते?" तानाबाईंनी विचारलं.

"जागा ठरली, मंजुरी आली, की लगेच."

निशानं भिंतींसाठी आलेली विटांची गाडी परत पाठवली.

मग आठवड्याच्या आत कोल्हापूरच्या शाहूपुरीतला बिल्डर पृथ्वीराज मोटारीनं आला. बरोबर पेपरवाले होते. तो हात जोडून म्हणाला, "वहिनी, सरकार फायली बांधतंय, मी भिंती बांधतो. माझ्या नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट तुमचा. एक रुपया घेणार न्हाय. दिवाळीला चावी हातात."

तानाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "फुकट देऊन तुमाला काय मिळणार वो, पावणं?"

"पुण्य, आई."

साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, खाजगी घर घेतलं तर वसाहतीतलं नाव कमी होणार. निशाला रात्ररात्र झोप लागेना. तानाबाई म्हणायच्या, सरकार पळून जात न्हाय, थांबूया. शेवटी निशा म्हणाली, "आत्ती, लढाई चालू हाय तवर लोकांस्नी आठवण हाय. आता घेतलं न्हाय तर पुढं कोण विचारणार आपल्याला? पोरीची शाळा तरी शहरात हुईल."

तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तिनं सरकारचं घर नको म्हणून लिहून दिलं. पृथ्वीराजनं मात्र तिला काहीच लिहून दिलं नव्हतं. त्यानं नुसतं पेपरात छापून आणलं होतं.

जाताना त्याची नजर माझ्यावर गेली. "हा दरवाजा मी नेतो. वीराचा दरवाजा वीराच्याच घराला लागंल." निशानं पदरानं माझी धूळ पुसली आणि मला टेम्पोत चढवून दिलं.

इमारतीत सगळ्यात आधी पहिल्या मजल्यावरचा एकच फ्लॅट पुरा झाला. मला त्याच्या चौकटीत बसवलं. शेजारी प्रसेनजीतच्या नावाची पितळी पाटी लागली. आत सोफा आला, पडदे आले. माझा ऊर भरून आला, आता अक्षता येईल म्हणून. आली ती गिऱ्हाइकं. नवरा-बायको यायचे, पाटी वाचायचे, माझ्यावरून हात फिरवायचे. एकजण बायकोला म्हणाला, "शहिदाच्या बायकोला फ्लॅट देणारा माणूस आपल्याला फसवंल व्हय?" त्यानं त्याच दिवशी फ्लॅट ठरवला. असे कितीतरी फ्लॅट मी विकून दिले, मित्रांनो. तोंड असतं तर एकदा तरी ओरडलो असतो.

दिवाळी झाली. निशा अक्षताला घेऊन आली. पृथ्वीराज म्हणाला, "वरच्या मजल्यांची परवानगी सरकारनं अडवलीया, वहिनी. इमारत पुरी झाल्याबिगार ताबा देता येत न्हाय."

"ह्यो तर पुरा झालाय की. दार आमचं, पाटीवर नाव माझ्या मालकांचं."

"हा सॅम्पल हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे दाखवायचा."

अक्षता माझ्यावर गाल टेकवून उभी होती. त्याच्या माणसानं तिला हळूच बाजूला केलं. डाग पडतील म्हणाला.

निशा कचेरीत गेली. तिथं उत्तर मिळालं, खाजगी मदत घेतल्यावर सरकारचा संबंध संपला. त्यानंतर ती दर दोन-चार महिन्यांनी यायची. बिल्डर सरकारकडं बोट दाखवायचा, सरकार बिल्डरकडं. लढाई संपलेली होती, पेपरवालेही दुसरीकडं गेले होते.

आणि गंमत पाहा, सरकारची वसाहत झाली. चार वर्षं लागली. घरं कोंदट होती, पहिल्याच पावसात स्लॅब गळले, पण माणसं आत राहायला गेली. ते कळल्यावर निशा पुन्हा साहेबांकडं गेली. परत येताना इमारतीत आली आणि माझ्यासमोरच पृथ्वीराजला म्हणाली, "साहेब म्हणतोय, थांबला असता तर मिळालं असतं. त्यानं भिंती बांधू दिल्या न्हाईत आन तुम्ही थांबू दिलं न्हाईत. दोघांनी मिळून माझं घर पाडलंसा, न बांधताच." पृथ्वीराज फोनवर बोलायला बाहेर गेला.

शेवटी सॅम्पल फ्लॅटही विकला गेला. घेणाऱ्याची एकच अट होती. "मेलेल्या माणसाचं दार नको बुवा घराला."

पाटी उतरली. मीही उतरलो. "पुढच्या स्कीममध्ये बघू," असा निरोप नेसरीला गेला, आणि दरवाजा घेऊन जा म्हणून.

निशा मला न्यायला आली. तोवर पेन्शनीतून साठवून तिनं नवऱ्याच्या जोत्यावर पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. गवंड्यानं मला उचलून पाहिलं आणि परत खाली ठेवलं. "पत्र्याला ह्यो पेलायचा न्हाय, वैनी. भिंत घेऊन खाली यील." निशानं पत्र्याचंच दार लावून घेतलं. मी बाहेर विटांवर आडवा पडलो. माझ्यावर शेवया वाळतात, कधी मिरच्या.

गेल्या पंधरा ऑगस्टला पुढारी मंडळी हार घेऊन निशाकडं आली. फोटो काढायचा होता. मागं पत्रा दिसू नये, म्हणून चौघांनी मला उचलून तिच्या पाठीशी उभं केलं. फोटो छान आला म्हणतात.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तो फोटो तुमच्या पाहण्यात आला, तर माझं कोरीवकाम बघत थांबू नका. नेसरीला या, मला बाजूला सारा आणि मागं काय आहे ते बघा.