डिडीमियम नावाचं मूलद्रव्य नव्हतंच

सत्त्याऐंशी साली दमयंती काविळीनं गेली, तेव्हा तिची धाकटी बहीण वनमाला आदिलाबादच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तेराव्याचं जेवण झालं, पत्रावळी उचलल्या आणि ओसरीवरच ठरलं, आता त्याच घरी धाकटी द्यायची. दमयंतीची पोरगी वर्षाची होती. माय मरो, मावशी उरो, असं कुणीतरी म्हटलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. ही म्हण करणाऱ्यानं मावशीला विचारलं नव्हतं, एवढं मी पैजेवर सांगतो.

वनमाला त्या दिवसांत दुर्मिळ मृदा धातू शिकत होती. सर तेलुगूत शिकवायचे, ही मराठीत टिपून घ्यायची. नाव दुर्मिळ, पण त्यातला सिरियम जमिनीत जवळजवळ तांब्याइतका असतो. अडचण वेगळीच. हे धातू एकमेकांत मिसळून राहतात आणि वागतात इतके सारखे, की वेगळे करताना माणूस मेटाकुटीला येतो. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ते सगळे एका घराशी दाटी करतात, म्हणून त्यांना खाली वेगळी ओळ काढून बसवलंय. मोठमोठ्या रसायनवाल्यांनी त्यातल्या दोघांना चाळीस वर्षं एकच समजून डिडीमियम असं नाव दिलं होतं. मग एकानं तोच क्षार पुन्हा पुन्हा विरघळवला, पुन्हा पुन्हा स्फटिक पाडले. एकाचे हिरवे निघाले, दुसऱ्याचे गुलाबी. डिडीमियम नावाचं मूलद्रव्य नव्हतंच.

हे सगळं तिनं बापाला सांगितलं. चंपतराव बोथच्या तहसिलीत कारकून. त्यांनी ऐकून घेतलं, कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकून घेतात तसं.

"तुमी दोघी एका पोटच्या. त्या लेकराले काय फरक पडते?"

"लेकराले नाई पडत, बाबा. मले पडते. ताईले घर पायजे होतं. मले परीक्षा द्यायची हाय."

परीक्षा लग्नानंतरही देता येते, असं ते म्हणाले. खोटं होतं, त्यांनाही ठाऊक होतं. दमयंतीच्या सासरगावाहून, तामसीहून, आदिलाबादला बस होती, पण सुनेला त्या बसमध्ये बसवणारं घर ते नव्हतं.

महिन्याच्या आत तामसीला लग्न उरकलं. अक्षता पडल्या, थाळीत तांदूळ पसरले. नवरीचं नवं नाव नवऱ्यानं त्यात अंगठीनं लिहायचं, ही आपली रीत. माणिकरावानं लिहिलं, दमयंती.

"हे ताईचं नाव हाय," वनमाला म्हणाली.

सासू सोजरबाई म्हणाली, "भांड्यांवर तेच कोरलं हाय. काऊन बदलायचं?"

कुणीतरी हसलंसुद्धा.

वनमालाची आई ताराबाई तेराव्यापासून कुणाशी बोलली नव्हती. ती पुढं आली, थाळीत हात घातला आणि सगळे तांदूळ कालवून टाकले.

"एक मेली माही," ती म्हणाली. "ही जित्ती हाय."

चंपतरावांनी बायकोचा दंड धरून तिला बाजूला नेलं. सोजरबाईनं तळहातानं तांदूळ सारखे केले. माणिकरावानं पुन्हा तेच नाव लिहिलं, या वेळी जरा मोठ्या अक्षरात.