त्या जगातली बायको

बेंबीत तेल साचलं होतं... अमोइननं बोटाला चिंधी गुंडाळून ते टिपलं – मसुराएवढी बेंबी, तिच्याभोवती गोंदणाचे उंचवटे, हातभर लाकडी देहावर नखभर जागा मोकळी सोडली नव्हती कोरणाऱ्यानं. दर सोमवारी हेच. ही लुकूची, तिच्या नवऱ्याची, त्या जगातली बायको, तो इथं जन्माला येण्याआधीची. सवत म्हणावी तर हिला माहेर नाही, खोकला नाही, म्हातारपण नाही. ती रुसली आहे असं देवऋषिणीनं सांगितलं, तेव्हा लुकूनं तिची लाकडी मूर्ती करवून घेतली, आठवड्यातली एक रात्र तिला दिली. तिच्या खोलीत शिरताना तो चपला बाहेर काढायचा. माझ्यापाशी येताना कधी काढल्या?

"उरकलं का तुझं?" लुकू दारात उभा होता. "संध्याकाळी पाद्री येतायत. त्यांच्यासमोर जाळायचीय ती."

"मग तेल कशाला फुकट घालवतेय मी?"

"तेच म्हणतोय, बये!" तो हसला. गेल्या महिन्यात बाप्तिस्मा झाल्यापासून तो फार हसायचा.

जाळा. अठरा वर्षं हेच तर मागत होते मी... पण हात थांबेना, मूर्तीच्या पाठीवरून, पोटऱ्यांवरून फिरतच राहिला – आणि आठवायचं टाळलेलं ते आठवलंच. मूर्ती आली त्याच वर्षी, फुटलेल्या ओठानं, एक कोंबडी घेऊन अमोइन एकटी देवऋषिणीकडे गेली होती, पाया पडली होती. दुसऱ्या दिवशी देवऋषिणीनं लुकूला बजावलं – तुझ्या त्या बायकोला घरात हात उचललेला खपत नाही. त्यानंतर त्याचा हात उठला नाही. एकदाही नाही. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस हो, देवमाणूस मिळाला!" आणि ती मान डोलवायची.

"अहो, राहू द्या ना हिला. पडून राहील कोपऱ्यात."

"इतकी वर्षं जिच्यावर जळलीस, तिचा आता पुळका?" तो अजून हसतच होता. "भीती वाटते तिची?"

तिची?

अमोइननं वर पाहिलं. चौकटीवर त्याचा हात होता, रुंद, साधा, नखांत मळ्यातली माती. हा माणूस एवढ्या वर्षांत निवळला होता, की नुसता मूर्तीला घाबरून होता, हे तिला ठरवता येईना. विचारावं? मला मारू नका – तीनच शब्द. ते जुळवताना संतापानं तिचे कान तापले. त्यानं ऐकलं ते लाकडाचं... आणि मी, मी तर हे त्याला स्वतःच्या तोंडानं कधी म्हटलंच नव्हतं.