नळाचा पाझर

हौदाच्या आतल्या दगडावर शेवाळाची एक रेघ होती. दर उन्हाळ्यात पाणी तिच्याखाली चार बोटं उतरायचं. यंदा वीतभर उतरलं होतं. रेघ वाळून करडी पडली होती. नखानं खरवडली की भुकटी व्हायची.

गेनबानं बोट धोतराला पुसलं. कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणणाऱ्या दगडी नळाची डागडुजी त्याच्याकडे होती.

"दादा, घागर उचलू लाग," सरुबाई म्हणाली. त्याची धाकटी बहीण, नळाच्या वाटेवरल्या वाडीत दिलेली. वाडीची विहीर आटल्यापासून बायका पाण्याला इथवर येत.

"इहिरीत कायबी न्हाई?"

"एक बेडूक हाय. त्यो बी जायच्या तयारीत." ती हसली. "दोन सालं पाऊस न्हाई. आभाळाला कोन जाब इचारनार?"

गेनबानं मान हलवली. तो नेहमीच हलवायचा.

तीन वर्षांपूर्वी वाडीपाशी नळाचा एक सांधा पाझरत होता. चुन्यात गूळ आणि हिरडा घोटून त्यानं तो असा बुजवला, की थेंब सुटला नाही. पुण्याचं पाणी वाढलं. सरकारातून पागोटं मिळालं. मग गेल्या उन्हाळ्यात तो वाडीच्या विहिरीत वाकला, तेव्हा फक्त नळाकडच्या कडेवर जुन्या ओलीचा काळा डाग दिसला. मागच्या दुष्काळातही ही विहीर आटली नव्हती. ती त्याच पाझरावर जगत होती.

सांधा उघडला तर हौद आणखी उतरणार, आणि काम जाणार. रोज सकाळी तो बोलायचं ठरवी, आणि पागोटं बांधून हौदावर येई.

"उद्या आमी निघतोय. घाटाखाली," सरुबाई म्हणाली. "मामंजींनी काल इहिरीला नारळ वाहिला. म्हनले, आमचंच कायतरी चुकलं आसंल."

एवढ्यात पाण्यावरचे कारकून यज्ञेश्वरपंत आले. त्यांनी हौदात डोकावलं.

"वा गेनबा. पाणी बघायला आता दुर्बीण आणावी लागेल. आणखी कुठं गळत असेल तर बुजव. पागोटं उगाच दिलं नाही तुला."

गेनबानं पागोटं उतरवून कठड्यावर ठेवलं.

"सरू, मामंजींना म्हनावं, उद्या निघू नगा."

मग तो पंतांकडे वळला. "वाडीपाशी बुजवल्याला सांधा सकाळी म्या फोडनार हाय, जी."