कॅम्पला येता का?

मी एक किटली बोलतेय. चहाची नव्हे, कॉफीची. सुपीरियर तळ्याजवळच्या आमच्या हँकॉक गावात हा फरक फार मानतात. अंगाने निळी, त्यावर पांढरे ठिपके आणि तोटीजवळ एक टवका उडालेला. तो कसा उडाला ते विचारू नका. बाईमाणसाला वय आणि टवके विचारू नयेत.

पत्र्याला आकार देऊन, वर मुलामा चढवून मला भट्टीत भाजलं. तिथून आले हार्डवेअरच्या दुकानात, आणि एका शनिवारी आउने नावाच्या नव्या नवरीने मला उचललं. नवरा आर्वो शेजारीच उभा होता.

"छान आहे ना हो?" तिने विचारलं.

"हं," आर्वो म्हणाला.

मालकाच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला शब्द. पुढच्या कित्येक वर्षांत त्यात फारशी भर पडली नाही. फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांची ही नातवंडं. कॉफी घागरीने पितात आणि शब्द थेंबाने वापरतात. बोलायचं खातं आउनेकडे होतं. ती दोघांचंही बोलून घ्यायची.

माझं खरं घर म्हणजे कॅम्प. बाहेरचे लोक कॅम्प म्हटलं की तंबू समजतात. आमच्याकडे कॅम्प म्हणजे झाडीतलं स्वतःचं लाकडी घर. आत चूल, चार खाटा, मागे सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफेत बसायची खोली. शुक्रवार आला की अख्खं गाव "कॅम्पला चाललो" म्हणत गाड्या काढतं. मी तिथल्या चुलीवर राज्य करत होते.

मग आउने गेली. आर्वोने घरी प्लास्टिकचं विजेचं यंत्र आणलं, आणि मी कॅम्पात भिंतीवर लटकले. तो यायचा, थर्मासमधली कॉफी प्यायचा, खिडकीबाहेर बघत बसायचा. आउनेचं नावसुद्धा काढायचा नाही. मला तर वाटायला लागलं, याची जीभ आता गंजणार. पत्र्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

धाकटी बहीण इंपी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. "दादा, लोक कुठून कुठून पाठीवर बिऱ्हाड बांधून येतात आणि बोटीने आयल रॉयलला जातात. तू सत्तरीला आलास, ते बेट डोंगरावरून बघतोस आणि परत येतोस!"

"कुठे पळून जातंय ते?"

"ते नाही जात. तू जाशील." असं म्हणून तिने परस्पर त्याचं तिकीट काढलं. तंबू कुणाचा तरी मागून आणला आणि मला खिळ्यावरून उतरवून गाडीत टाकलं. एवढ्या वर्षांनी मी हिंडायला निघाले, तीही समुद्राएवढ्या सुपीरियर तळ्याच्या काठावर!

बोट सुटते त्या कॉपर हार्बरला पोचलो आणि तळं खवळलं. लाटा धक्क्यावरून उड्या मारायला लागल्या. बोटवाल्याने सांगितलं, वारा पडेपर्यंत काही सुटायचं नाही. आर्वोने तंबू ठोकला. ठोकला कसला, जमिनीवर टेकवला. शेजारच्या तंबूतून एक बाई तरातरा चालत आली.

"अहो, हे दोर असे ठेवलेत तर तुम्ही बोटीच्या आधी बेटावर पोचाल. उडत!"

ही हेल्मी. तळ्याच्या पलीकडची, मिनेसोटाची. तिच्या बाजूची बोट भरलेली, म्हणून अर्ध्या तळ्याला वळसा घालून इकडे आलेली. जन्मभर शाळेची बस चालवलेली, त्यामुळे आवाज मागच्या सीटपर्यंत जाणारा. तिनेच सगळे दोर ताणले. आर्वोने मला विस्तवावर ठेवलं. तिने एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"याला म्हणतात कॉफी," ती म्हणाली.

मी लाजले. निळी असल्यामुळे दिसलं नाही.

ती दिवसभर बोलली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं लांब, आता गुडघे ऐकतात तोवर हिंडायचं. आर्वो ऐकत होता आणि मला पुन्हा पुन्हा भरत होता. मी त्याला ओळखते. एवढी कॉफी त्याला नको होती, ती बाई उठू नये एवढंच त्याला हवं होतं. पण हे तोंडाने सांगेल तर तो आर्वो कसला?

संध्याकाळी वारा आणखी चढला, गारठा वाढला. आर्वोने घसा खाकरला. बराच वेळ खाकरला. आणि शेवटी आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं.

"गारठा आहे. माझ्या कॅम्पला येता का? ऊब मिळेल."

हेल्मीने त्याच्या तंबूकडे पाहिलं. एका माणसाचा तंबू, त्यातून त्याचे बूट बाहेर आलेले.

"तुमच्या कॅम्पला?"

"जागा खूप आहे," आर्वो घाईघाईने म्हणाला. "आम्ही सगळे एकत्रच झोपतो."

अरे देवा! मी झाकण आपटलं. कोण ऐकतंय?

"माझं अंथरूण मला पुरतं," हेल्मी उठली. "आणि तुम्हाला मी भला माणूस समजत होते!" तिने तिच्या तंबूची चेन अशी ओढली की झाडावरचे कावळे उडाले.

आर्वो हातात कप धरून बसून राहिला. आपण काय चुकीचं बोललो ते त्याला कळेना. सौना आहे हे सांगायचं राहिलं हे खरं, पण कॅम्पला सौना असतोच, ते काय वेगळं सांगायचं? मला त्याची फार दया आली. एवढ्या वर्षांत एकदा तोंड उघडलं, आणि ते असं!

सकाळी हेल्मी तंबू गुंडाळत होती. बेट नको नि काही नको, ती परत निघाली होती. तेवढ्यात इंपी गरम पेस्ट्यांची, म्हणजे खिमा-बटाटा भरलेल्या आमच्या मोठ्या करंज्यांची, पिशवी घेऊन हजर.

"दादा, बोट नाही तर इथे कुडकुडत काय बसलास? कॅम्पला का नाही गेलास? आणि गाद्यांना ऊन दाखव हं, उंदरांनी कोपरा कुरतडलाय!"

हेल्मीचा हात थांबला. "कॅम्पात गाद्या?"

"म्हणजे काय! खाटा आहेत, चूल आहे, सौना आहे. फक्त छप्पर एका ठिकाणी गळतं, ते दादा करतो करतो म्हणतोय."

"ते घर आहे?"

"मग कॅम्प म्हणजे काय असतं?" इंपीने विचारलं.

हेल्मी आर्वोकडे बघत राहिली. तिच्या गावी त्याला केबिन म्हणतात. मग ती जी हसायला लागली, ती खाली गवतातच बसली. सगळं कळल्यावर इंपी तिच्या शेजारी बसून हसायला लागली. आर्वो कानापर्यंत लाल. पण बूट काढून पुन्हा घालत तोही गालात हसत होता, मी पाहिलं.

तिघं कॅम्पला आली. आधी बायका सौनात गेल्या, मग आर्वो. तो आत असताना हेल्मीने मला उचललं. उपकाराची फेड म्हणून तिने मला साबण लावून, वाळू घालून आतून खसाखसा घासलं! आउनेने मला कधी साबण लागू दिला नव्हता. तिच्या हातची वर्षानुवर्षांची कॉफी माझ्या पोटात काळी होऊन बसली होती. ती सगळी धुऊन गेली. मला रडू आलं, खरंच सांगते.

आर्वो आला, त्याने झाकण उघडलं आणि तो तसाच उभा राहिला.

"काय झालं?" हेल्मीने विचारलं.

"आउने हिला साबण लावू देत नसे."

किती वर्षांनी ते नाव त्या घरात ऐकलं! हेल्मीचा चेहरा उतरला. "अहो, सांगायचं नाही का आधी? काय करून बसले मी!"

"असू दे." तो बाकावर बसला. "ती म्हणायची, साबणाची किटली आणि गप्प नवरा, दोन्हींची चव बिघडते. किटलीचं तिने सांभाळलं. नवरा काही तिला..."

त्याने उठून माझ्यात कॉफी उकळली आणि मला दोघांच्या मध्ये बाकावर ठेवलं. हेल्मीने घाई केली नाही. आणि मग तो बोलला. आउने कशी होती, कशाला हसायची, शेवटी दवाखान्यात काय म्हणाली. लाकडं घेऊन आलेली इंपी दारातच थबकली आणि डोळे पुसत राहिली. माझ्यातली कॉफी पार गार झाली, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

आज वारा पडला. दोघं सकाळच्या बोटीने बेटावर गेली. हेल्मी म्हणाली, किटली जड आहे, राहू दे. मी राहिले. पोटातून कोरी, जरा पोकळ, पण बरी आहे.

सुपीरियरबाई, तुला एकच विनंती. जाताना त्यांना सांभाळून ने. पण परतीच्या दिवशी जराशी खवळ गं. इंपीने बिस्किटं भरपूर दिली आहेत, आणि आर्वोचं बोलून अजून संपलेलं नाही.