पंचवीसात एक

बाळ सतरा दिवसांचं झालं तरी बारसं झालेलं नव्हतं. घरात सगळे तिला छकुली म्हणत, आणि दवाखान्याच्या कागदांवर ती नुसती ‘बेबी ऑफ सोनल’ होती. बाराव्या दिवशी पाळणा सजायचा, तर नवव्याच दिवशी दवाखान्यातून फोन आला. जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्तात काहीतरी खटकलं होतं.

डॉक्टर मॅडमनी अगदी सावकाश समजावलं, म्हणजे भीती आणखी वाढावी इतकं सावकाश. काही बाळांना दुधातली साखर पचत नाही. दूध त्यांना विषासारखं. लिव्हरवर जातं, डोळ्यांवर जातं, मेंदूवरही. छकुलीला ते असेलच असं नाही. “ऐसे पच्चीस बच्चों में किसी एक को निकलता है, चौबीस ठीक होते हैं.” पण रक्त पुन्हा पाठवायचं, आणि पक्का रिपोर्ट येईपर्यंत दूध बंद. गाईचं नाही, डब्याचं नाही, आईचंसुद्धा नाही. सोयाबीनची पावडर.

“घ्या,” सासरे अप्पासाहेब म्हणाले, “इथून सांवेर गावापर्यंत शेतांत सगळं सोयाबीनच सोयाबीन. पोरगी पक्की माळव्याची निघाली.” कोणी हसलं नाही. ते स्वतःही हसले नाहीत.

सोनलचं दूध आटू नये म्हणून दर तीन तासांनी ते काढायचं होतं. ती दार लोटून स्टीलच्या वाटीत दूध पिळायची आणि पलीकडे छकुली सोयाबीनची बाटली चोखत असायची. वाटी सासूबाई आनंदीबाई घेऊन जायच्या. आईचं दूध मोरीत टाकायचं नसतं, त्यावर कोणाचा पाय पडता कामा नये, म्हणून त्या ते अंगणातल्या सदाफुलीच्या कुंडीत ओतायच्या. पहिल्या दिवशी वाटी काठोकाठ भरली होती. आता जेमतेम बूड झाकलं जात होतं.

आणि याच दिवसांत तिला तो दगड सापडला.

बाळाला मांडीवर घेऊन मोबाईल चाळताना बातमी दिसली: एक लघुग्रह मंगळाच्या वाटेवर आहे, आणि तो मंगळावर आदळण्याची शक्यता पंचवीसात एक. तोच आकडा. त्या दगडालाही नाव नव्हतं, नुसता एक क्रमांक होता. चार दिवसांपूर्वी हीच शक्यता पंच्याहत्तरात एक होती, असंही खाली लिहिलेलं.

“वाढली कशी?” तिने भूषणला विचारलं. नवरा भंवरकुआं भागातल्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायचा. “दगडाने वाट बदलली का?”

“नाही गं. असं समज, माझ्या क्लासमध्ये पंच्याहत्तर पोरं बसलीत आणि कोणीतरी शिट्टी मारली. पन्नास जणांनी नाही मारली हे कळलं, त्यांना मी बाहेर काढलं. आता उरलेल्या पंचवीसांवर शक वाढला की नाही? पण त्यांनी नवीन काय केलं? काहीच नाही. जास्त माहिती आपल्याला मिळाली. दगडाचं तर केव्हाच ठरलेलं आहे.”

छकुलीच्या रक्तात जे असेल तेही केव्हाच ठरलेलं होतं. हे दोघांच्याही मनात आलं, आणि दोघंही ते बोलले नाहीत.

सोनल स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झालेली. दोन स्वतंत्र घटनांचा एकमेकींशी काही संबंध नसतो, यावर तिने पेपरात पानंच्या पानं लिहिली होती. तरी तिने मनाशी गाठ मारलीच. दगड मंगळाला चुकला, तर आपली पोरही सुटली. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर भूषण हसला असता, आणि तो हसला असता तर गाठ सुटली असती.

मंगळवारी सकाळीच आनंदीबाई उज्जैनला गेल्या. तिथे मंगळनाथाला भातपूजा करतात; पिंडीवर दहीभाताचा लेप चढवला की मंगळाचा ताप शांत होतो म्हणतात. दुपारी त्या घामेजून परतल्या.

“केवढी गर्दी! गुरुजी म्हणाले, या हप्त्यात दुप्पट लोक येतायत. मंगळावरच संकट आहे ना.”

“मंगळच फुटला तर गुरुजी करणार काय, भिया?” अप्पासाहेबांनी पेपरातून मान वर काढली. “आणि सगळ्या मंगळी पोरींची लग्नं एका दिवसात लागतील. मांडव मिळणार नाहीत गावात.”

“तुम्ही गप बसा हो. देवाची मजाक नाही करायची.” पण सासूबाईंच्या तोंडावरही हसू आलं. त्या हातपाय धुऊन छकुलीच्या पाळण्याशी बसल्या.

सोनलने सवयीने मोबाईल उघडला. सकाळपासून तीन वेळा बघून झालं होतं. यावेळी आकडा बदललेला होता. नवीन निरीक्षणं आली होती. दहा हजारात एक. दगड मंगळाच्या बराच लांबून जाणार होता.

“टळलं!” ती ओरडलीच. “आई, टळलं!”

तिने वर बघितलं. आनंदीबाईंचं बोट छकुलीच्या ओठांवर होतं आणि मांडीवर प्रसादाचा द्रोण. छकुली जीभ काढून काहीतरी पांढरं चाटत होती.

“आई! काय केलंत?”

“प्रसाद गं. नुसतं बोट लावलं.”

“दही आहे ते!”

“हो, दहीच. दूध कुठे आहे त्यात?” आनंदीबाई खरंच गोंधळल्या होत्या. “दूध तर मी घरात उघडंसुद्धा ठेवत नाही. हे विरजलेलं, देवाला चढवलेलं...”

सोनलने बाळाला हिसकून घेतलं. ओल्या फडक्याने ओठ पुसले, जीभ पुसली, छकुली लालबुंद होऊन रडेपर्यंत पुसली. डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, एवढ्याशाने घाबरू नका, पण उलटी, सुस्ती, पिवळेपणा दिसला तर लगेच घेऊन या. नजर ठेवा.

नजर! आठ दिवस दुसरं केलं काय होतं तिने?

“मी डोळ्यांत तेल घालून बसते इथे,” ती सासूबाईंना म्हणाली, आणि आवाज आवरला नाही, “एक मिनिट मान खाली घातली तर तुम्ही... तुम्हाला काही कळतं की नाही? तिला काही झालं तर तुमच्यामुळे होईल.”

अप्पासाहेबांनी पेपराची घडी घातली. आनंदीबाई द्रोण उचलून स्वयंपाकघरात गेल्या.

चार वाजता दवाखान्यातून फोन आला. सोनलला वाटलं, रिपोर्ट.

“मैडम, सैंपल दोबारा देना पड़ेगा. ब्लड कम था. कार्ड पे चार गोले होते हैं ना, दो ही भरे थे, वो भी आधे. लैब ने रिजेक्ट कर दिया.”

“कम कैसे?”

“सिस्टर ने लिखा है, मदर ने बीच में बच्चे को उठा लिया.”

तिला आठवलं. टाच दाबताना छकुली किंचाळली होती, श्वास कोंडेपर्यंत. “बस करो, हो गया,” असं म्हणून सोनलने तिला उराशी उचललं होतं. सिस्टर “मैडम, मैडम” करत राहिली होती. आठ दिवस ज्या रिपोर्टची ती वाट बघत होती, तो कुठे तयारच होत नव्हता. आणि आता पुन्हा आठ दिवस.

ती स्वयंपाकघरात गेली. आनंदीबाई पाटावर बसल्या होत्या, समोर तोच द्रोण, झाकून ठेवलेला.

“आई, रक्त कमी पडलं. मीच उचललं होतं तिला मधे.”

आनंदीबाईंनी तिच्याकडे बघितलं. आता त्या बोलतील, सोनलला वाटलं. बोलाव्यात, असंही वाटलं.

“पुन्हा टोचणार?” त्यांनी एवढंच विचारलं.

“उद्या सकाळी. सिस्टर घरी येईल.”

संध्याकाळी भूषण चपला काढता काढताच म्हणाला, “बघितलंस? चुकला की तुझा दगड!” तिने मान हलवली. छकुलीला उलटी झाली नव्हती. पण आज ती रोजच्यापेक्षा जास्त झोपते आहे का, हे सोनलला ठरवता येत नव्हतं.

सकाळी सिस्टरने कार्ड गादीवर ठेवलं. चार रिकामी वर्तुळं. आनंदीबाईंनी बाळाचं डोकं धरलं, सोनलने पाय.

“कसके पकड़ना मम्मी. इस बार छोड़ना नहीं.”

सुई टोचली. छकुली तशीच किंचाळली. एक वर्तुळ भरलं, दुसरं भरलं, तिसऱ्याला वेळ लागला. चौथ्याला रक्त थांबलं.

“दबाओ.”

सोनलने स्वतःच्या अंगठ्याने ती टाच दाबली. रडणं ऐकून तिचा पान्हा फुटला. ब्लाउज ओला झाला. छकुलीला दुधाचा वास आला. रडता रडता तिने मान वळवली आणि तोंड उघडून ती आईची छाती शोधू लागली.

“आई, तिचं तोंड धरा तिकडे,” सोनल म्हणाली. पण आनंदीबाईंच्याने ते होईना. मग सोनलनेच एका हाताने टाच दाबून धरली, आणि दुसऱ्या हाताने ते तोंड बाजूला वळवलं.