टाकीमागं

"गेल्या टायमाला समदं इचारलंत की. परत त्येच?" ज्ञानूने समोर धरलेल्या कागदाला हातही लावला नाही. "म्या खोटं बोललो आसं वाटलं व्हय तुमास्नी?"

"तसं नाही, ज्ञानूभाऊ. पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे असतात. उत्तरं तीच आली तर प्रश्न बरोबर आहेत असं ठरतं."

"आन न्हाई आली तर मानूस चुकीचा?"

अंजना सिस्टरने कागद मागे घेतला. भोरच्या दवाखान्यातल्या बावीस वर्षांत तिने रागावलेल्या माणसांच्या जाती पाडून ठेवल्या होत्या. इंजेक्शनचा राग सुई निघाली की उतरतो. रांगेचा राग नंबर आला की उतरतो. नातेवाइकांचा राग चहाने उतरतो. पण हा राग कुठल्याच जातीत बसत नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी याच माणसाने तिला नाचणीची भाकरी खायला घातली होती.

कागदांचा हा उद्योग पुण्यात संशोधन करणाऱ्या शेफाली मॅडमचा. स्वतः नळी घालून लघवी काढावी लागणाऱ्या रुग्णांसाठी परदेशात एक प्रश्नावली होती. मॅडमनी ती मराठीत आणली. पहिल्या मसुद्यात 'स्वयंमूत्रनलिकाप्रवेशन' असा शब्द होता. बैठकीत अंजना म्हणाली, "मॅडम, हा शब्द वाचून होईपर्यंत माणसाला लागायची." सगळे हसले, शब्द कापला गेला आणि अंजना त्या दिवसापासून जाणकार ठरली. जाणकार म्हणजे, उन्हातान्हात रुग्णांच्या घरी जायचं ते तिने. प्रत्येकाकडे दोनदा.

ज्ञानूची वाडी हिर्डोशीच्याही वर. एसटीतून उतरल्यावर पाऊण तासाची चढण. पाच वर्षांपूर्वी तो हिरड्याच्या झाडावरून पडला. पाठ सांधली, पाय चालते झाले, लघवीची जाणीव मात्र परत आली नाही. दिवसातून पाच वेळा नळी घालायला अंजनानेच त्याला शिकवलं होतं. वाडीचं पाणी सोडण्याचं काम त्याच्याकडे होतं. सकाळ-संध्याकाळ टेकडीवरच्या टाकीपाशी जायचं, चावी फिरवायची, आधी वरची आळी, मग खालची. त्याच्या पिशवीत लोखंडी पाने, सुतळी, रबरी वायसरं आणि एक साबणाची डबी असे. डबीत नळी असायची; तंबाखू आहे असं वाडीला वाटायचं. ज्ञानूनेही कधी नाही म्हटलं नव्हतं.

"चार वाजले," अंजना विषय बदलत म्हणाली. "आज पाणी सोडायला गेला नाहीत?"

उत्तर चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोकडून, चंद्राबाईकडून आलं. "आमास्नी काय इचारता, बाई? अण्णांला इचारा. कागदाव सही त्येंचीच हाय न्हवं?"

अंजनाला गेल्या वेळची ती सही आठवली.

संमतीपत्रावर कुटुंबाबाहेरचा साक्षीदार लागतो. गेल्या वेळी चंद्राबाई सही करायला तयार होती. नियमात बसत नाही म्हणून अंजनानेच नको म्हटलं. वाडीत अशा सहीचा माणूस म्हणजे कोंडिबाअण्णा. कुणाचंही रेशनकार्ड असो, कुणाची वाटणी असो, दुसरी सही अण्णांची. दुसऱ्या कुणाची असली तर कागद कच्चा, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. ज्ञानूनेही त्यांनाच बोलावलं. अण्णा रानातून उशिरा आले. सही प्रश्नांच्या आधी व्हायची ती नंतर झाली. अंजनाने सगळा गठ्ठा त्यांच्या हातात दिला, "शेवटच्या पानावर करा" म्हणाली आणि चहा घ्यायला वळली. असले कागद कुणी वाचतं, हे तिने बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

अण्णांनी वाचलं. प्रश्न नववा: घराबाहेर असताना नळी वापरायला आडोशाची जागा मिळते का? खूण 'नेहमी'वर होती. खाली 'रुग्णाचे स्वतःचे शब्द' या ओळीवर अंजनाचं वळणदार अक्षर: "टाकीमागं. तिथं कोन येत न्हाई."

"चार दिसांनी सभा झाली," ज्ञानू म्हणाला. "अण्णा म्हनलं, ह्यो टाकीपाशी नळी घालतो, आन आपली पोरं त्येच पानी पित्यात. बास. चावी खालच्या आळीतल्या पप्पूकडं."

"अहो, पण टाकीला झाकण आहे, कुलूप आहे! आणि तुम्ही तर खाली दगडाआड बसता."

"व्हय. सांगा की समद्यास्नी. कुठं बसतो, कसा बसतो, काय काय काढतो. सभेत म्या त्येच सांगायचं हुतं का?"

"मी अण्णांशी बोलते."

"आजून कुनाला कळायचं ऱ्हायलंय का, सिस्टर?"

"चूक माझी झाली, ज्ञानूभाऊ."

"मंग लिवा की त्येच्यात. हाय का रकाना?"

नव्हता.

तेवढ्यात दाराशी सावली पडली. कोंडिबाअण्णा. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला पेन होतं. "राम राम, बाई. सिस्टर आल्यात म्हनून कळालं. म्हनलं, सही लागंल."

"या वेळी लागत नाही." अंजनाने कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

"नीट बघून घ्या. नंतर कागद कच्चा ऱ्हायला नगं."

"पक्का झाला तेवढा पुरे, अण्णा."

अण्णा हसले. "आवं, आमाला काय हौस हाय का? पान्याचा परश्न हाय, बाई. वाडीची काळजी नगं करायला? ज्ञानू आपलाच हाय. काय रं ज्ञानू, बरा हाईस न्हवं आता? आराम मिळतोय."

चंद्राबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढून जमिनीवर असं आपटलं, की ठिणग्या उंबऱ्यापर्यंत आल्या. अण्णा एक पाऊल मागे सरले, पेन चाचपलं आणि निघून गेले.

"इचारा," ज्ञानू म्हणाला.

"नको. राहू द्या."

"इचारा म्हनतो न्हवं. येवढं चढून आलायसा. अर्धा कागद घिऊन गेलात तर तिकडं म्हनतील, वाडीतली मान्सं धड न्हाईत."

तिने विचारलं. त्याने दगडावर दगड ठेवावा तशी उत्तरं दिली. नळी घालताना दुखतं का? कधी कधी. स्वच्छता राखता येते का? नेहमी. गेल्या वेळचीच उत्तरं, शब्दही तेच. मग नववा प्रश्न आला. तो तिने अर्धाच वाचला.

"कधीच न्हाई," तो स्वतःच म्हणाला. "तिथं खूण करा."

"तुमच्या शब्दांत काय लिहू?"

"माझं शब्द लिवू नका."

तिने ओळ रिकामी सोडली. आता शेवटचा प्रश्न राहिला होता. "मधल्या पंधरा दिवसांत तुमच्या आजारात काही फरक पडला का?"

"आजारात?" ज्ञानूने विचार केला. प्रामाणिकपणे केला. "न्हाई. आजार हाय तसाच हाय."

तिने 'नाही'वर खूण केली. आजार तोच आणि उत्तर वेगळं, म्हणजे प्रश्न कच्चा, असा नियम होता. पुण्यात नववा प्रश्न बाद होणार, हे तिला इथे बसूनच दिसत होतं.

ती उठली. ज्ञानूने कोनाड्यातून साबणाची डबी काढली, दारापर्यंत गेला आणि थांबला. घरात मोरी नव्हती; अंगणातली न्हाणी छातीएवढ्या पत्र्याची होती आणि तिच्या समोरच चार पावलांवर वाडीचा नळ. नळावर आठ-दहा बाया, हंडे, कळशा. पप्पूने खालच्या आळीला आधी पाणी सोडलं होतं; इथे वरच्या आळीत आत्ता कुठे धार लागली होती. एकीने दाराकडे पाहिलं आणि शेजारणीला कोपराने ढोसलं.

"तुमची वेळ झाली ना?" अंजनाने हळूच विचारलं.

"चारची हुती."

तो उंबऱ्यावर बसला. डबी मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी झाकली. मनगटावरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते.

"आठ हंडं ऱ्हायल्यात," नळाकडे न बघताच तो म्हणाला. "धार बारीक हाय. पाऊन तास लागंल. तुमी निगा, सिस्टर, एसटी चुकंल."